गौहर मॅडमचे थांबे

भिंगारच्या जुन्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर, गौहर शेख यांची टायपिंगची शिकवणी एकतीस वर्षं चालली. खोलीत बारा मशिनं, बारा स्टुलं, भिंतीवर एक घड्याळ आणि दाराशी त्यांची स्वतःची खुर्ची. खुर्चीचं तोंड दाराकडे, म्हणजे विद्यार्थ्यांकडे पाठ. नव्या मुलांना वाटायचं, मॅडमचं लक्ष नाही. आठवडाभरात कळायचं की लक्ष आहे, फक्त ते कानाने आहे. "तीन नंबर, चौथ्या ओळीत अडकलास," असं मॅडम मान न वळवता म्हणायच्या, आणि तिसऱ्या मशिनवरचा मुलगा खरोखर तिथेच अडकलेला असायचा.

यात जादू नव्हती. उतारे त्यांना पाठ होते आणि मशिनचा आवाज लपत नाही. जोवर वाचलेलं कळतं तोवर शिकाऊ हात एका लयीत चालतो. कळेनासं झालं की हात थबकतो, डोळे मागे जातात, ओळ पुन्हा वाचतात, आणि मग टकटक सुरू होते. त्या थबकण्याला मॅडम 'थांबा' म्हणत. कोर्टातले वकील, कँटोन्मेंटचे कारकून, संस्थांचे सचिव आपापले कच्चे मसुदे टाइप करायला आणत. मॅडम तो कागद आधी सहा महिने शिकलेल्या एखाद्या मुलीसमोर ठेवत, पाठ फिरवून बसत आणि थांबे मोजत. मग कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा टाकत. पानाला पाच-सहा थांबे म्हणजे कागद सरळ. वीसच्या पुढे गेला तर तो मालकाकडे परत.

"वकीलसाहेब, दुसरं पान तेवीस थांब्यांचं आहे," त्या सांगत. "जज्जसाहेबही तेवीसदा थांबतील. जरा नीट लिहून आणा."

काही वकील चिडले. एकाने तर टायपिंगची जागाच बदलली. पण एक होते, ते पुढे पुढे मसुदा टेबलावर ठेवून स्वतःच विचारू लागले, "मॅडम, आज किती?"

मशिनवरच्या परीक्षा बंद झाल्या, संगणकावरच्या आल्या. मॅडमनी मशिनं भंगारात न देता एका शाळेला दिली आणि सहा संगणक घेतले. संगणकाच्या कळांना आवाज कमी, म्हणून त्यांनी खुर्ची दोन हात मागे सरकवली. पण लॉकडाऊनमध्ये माडीला कुलूप लागलं ते पुन्हा निघालं नाही. चार महिने त्या घरी बसल्या. पाचव्या महिन्यात रविराज आला.

रविराज हा त्यांचा जुना विद्यार्थी. आता सेहेचाळीस वर्षांचा, सावेडीत स्वतःची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी, अकरा माणसं, गिऱ्हाइकं जिल्ह्यातलीच. त्याने सरळ सांगितलं, "मॅडम, माझी पोरं प्रोग्राम चांगले करतात, पण त्यांनी लिहिलेली माहितीपुस्तिका वाचून गिऱ्हाईक मलाच फोन करतं. तुम्ही या." मॅडम गेल्या. कंपनीतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जाऊ लागला. ऑफिसातली तरुण मंडळी त्यांना आपा म्हणत. रविराज मात्र मॅडमच म्हणे, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत कधी रेलून बसत नसे.

तीन वर्षं अशी बरी गेली. मग उसाच्या नंबराचं काम आलं.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यासाठी रविराजच्या कंपनीने तोडणीचा क्रम लावणारा प्रोग्राम केला होता. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कधी तुटणार, हे ठरवणारा. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी यादी वर्षात दुसरी नसते. मागच्या हंगामात गट कार्यालयावर गर्दी झाली. माझा नंबर खाली का गेला, असं लोक विचारू लागले. तिथला शेतकी विभागाचा लिपिक कल्याण हा सोनईकडचा, स्वतः ऊसवाला, पण उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. "संगणकानं लावलाय," एवढंच तो सांगे. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "मग बोलाव त्याला भाईर. त्यालाच इचारतो." लोक हसले. कल्याणला काही हसू आलं नाही.

या हंगामाआधी कारखान्याचं पत्र आलं. क्रम लावण्याचा भाग नव्याने लिहावा आणि तो असा असावा की आमच्या शेतकी विभागातल्या माणसाला वाचून पडताळता येईल. ते जमत नसेल तर काम पुण्याच्या कंपनीला देऊ.

रविराजने हा भाग दोघांना वेगवेगळा लिहायला दिला. एक पार्थ, कंपनीतला सर्वात हुशार आणि ते पुरेपूर माहीत असलेला. दुसरी शिफा, मुकुंदनगरची, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. ते सहा महिने येत्या शनिवारी संपत होते. आधीच्या ठिकाणी चार महिन्यांतच काम संपलं म्हणून तिला घरी पाठवलं होतं. या वेळीही तसंच झालं तर घरी काय सांगू, असं ती एकदा मॅडमजवळ म्हणाली होती. म्हणताना हसली होती, पण डबा तसाच झाकून ठेवला होता.

आता वाचायला सोपं म्हणजे किती सोपं, हे ठरवायचं कसं? पार्थने एक तयार सॉफ्टवेअर शोधून काढलं. त्यात कोड घातला की ते शंभरपैकी गुण देतं. किती ओळी, एकात एक किती अटी, नावं अर्थपूर्ण आहेत का, असं सगळं तपासून. रविराजला ते पसंत पडलं. कारखान्याला दाखवायला आकडा झाला. त्याने जाहीर केलं की सत्तरच्या पुढे गेला तो कोड चालेल, आणि शिफाचा निर्णयही त्याच आकड्यावर होईल, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

पार्थला एक्क्याण्णव मिळाले. शिफाला अठ्ठावन्न.

मॅडमनी तो गुणांचा अहवाल छापून घेतला आणि सवयीने पट्टी धरून ओळीने वाचायला सुरुवात केली. चार पानं होती. एकेचाळीस ठिकाणी एकच शेरा होता, नाव अर्थहीन आहे. कोणती नावं? लागण. खोडवा. तोडणी. गट. आडसाली. शिफाने ती इंग्रजी अक्षरांत पण मराठीच ठेवली होती, कारण कारखान्याच्या नोंदवहीत तेच शब्द होते. त्या सॉफ्टवेअरने आयुष्यात ऊस पाहिला नव्हता. त्याला खोडवा म्हणजे कुणाचं तरी बोट कळांवरून घसरलं असं वाटलं असावं.

मॅडम अहवाल घेऊन पार्थच्या टेबलाशी गेल्या. त्याने वाचला आणि मनापासून हसला.

"आपा, हे तर सोपं आहे. त्याला एक यादी देता येते. हे शब्द बरोबर आहेत असं सांगायचं, झालं. शिफाचे ऐंशी होतील."

"मग दे की यादी."

"देतो. पण मग मी माझीपण यादी देणार. डी वन, डी टू, टेम्प थ्री. ते म्हणेल, वा, काय अर्थपूर्ण नावं आहेत. माझे शंभर."

"हे डी वन म्हणजे काय रे?"

"पहिली तारीख."

"कशाची?"

पार्थने पडद्याकडे पाहिलं, दोन ओळी वर गेला, तीन ओळी खाली आला. "थांबा हां, सांगतो," तो म्हणाला. मॅडमनी मनातल्या मनात एक थांबा धरला.

त्या दिवशी दुपारी त्यांनी रविराजला सांगितलं की असा कोड मोजायची त्यांच्याकडे एक जुनी रीत आहे. रविराजने ती माडी, ती पाठ फिरवलेली खुर्ची आठवली आणि सगळ्यांना बोलावलं. मॅडम संगणकापुढे बसल्या. स्टँडवर आधी पार्थचा कागद लावला, मग शिफाचा. दोन्ही त्यांनी टाइप केले. रविराज थांबे मोजत होता. पार्थच्या कागदावर चार. शिफाच्या कागदावर पाच.

खोलीत कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. पार्थने आदबीने म्हटलं, "आपा, रागावू नका. तुम्हाला चिनी भाषेतला कागद दिला तरी तुम्ही चारच थांब्यांत उतरवाल. तुमचे हात वाचतात. डोक्यापर्यंत काही जातच नाही."

"बरोबर आहे तुझं," मॅडम म्हणाल्या. खरंच बरोबर होतं. एकतीस वर्षांत हात इतका तयार झाला होता की तो कळण्याची वाट बघत नव्हता.

संध्याकाळी त्या भिंगारला घरी आल्या. नवरा नूरमहंमद लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, बोलण्यात तिखट. चहा घेता घेता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पेपरही तूच काढलास, सोडवलासही तूच, आणि नापासही तूच झालीस," ते म्हणाले. "अशी परीक्षा आमच्या डेपोतसुद्धा होत नाही."

"मग काय करायला हवं होतं?"

"मला काय विचारतेस? माडीवर तू कुणाला बसवायचीस?"

मॅडमचा कप हातातच राहिला. माडीवर त्या स्वतः कधीच बसल्या नव्हत्या. त्या काम चालवण्यापुरतं शिकलेल्या मुलीला बसवायच्या, जिला कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि पत्रात तर माणूसही सांगितला होता. आमच्या शेतकी विभागातला माणूस. त्या माणसाला सोडून गेले आठ दिवस सगळेच मोजत बसले होते, ते सॉफ्टवेअरही आणि त्याही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कल्याणला बोलावून घेतलं. कारखान्याच्या जीपने तो अकराला आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. संगणकाचा सरकारी कोर्स केलेला होता, जर आणि नाहीतर एवढं इंग्रजीतलं त्याला ओळखीचं होतं. टायपिंग येत नव्हतं, पण अक्षर मोत्यासारखं. मॅडमनी त्याला कोरे कागद दिले आणि सांगितलं की समोरचं पान हाताने उतरवायचं. डोळ्यांनी एकदा बघून जेवढं लक्षात राहील तेवढं लिहायचं, अडलं की पुन्हा बघायचं. पेन थांबून नजर मूळ कागदावर गेली की एक थांबा.

पार्थने नियम घातले आणि मॅडमना ते पटले. कागदांवर नावं नकोत, फक्त अ आणि ब. माणूस ताजा असताना अ आधी, कारण अ पार्थचा होता. आणि मोजायला दोघं, एकमेकांच्या कागदाकडे न बघता. "तुम्ही शिफाच्या बाजूच्या आहात, आपा," तो म्हणाला.

"आहेच," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तूही मोज."

अ कागद अडतीस ओळींचा, सुटसुटीत दिसणारा. कल्याणने पेन उचललं, पाहिलं, तीन अक्षरं लिहिली, पाहिलं, दोन लिहिली.

"ताई, हे डी वन म्हंजी काय हाय?"

"आम्ही सांगायचं नाही. तुम्ही फक्त उतरवा."

"न समजता कसं उतरवू? एकेक अक्षर बघून ठिवावं लागतंय. आमच्या गावात मोबाईलचा नंबर असाच लिवून घेत्यात, पाच आकडे झाले की इचारायचं, फुडं काय."

अडतीस ओळींना पन्नास मिनिटं लागली. मॅडमचे एकशे चौदा थांबे, पार्थचे एकशे बारा. मग मॅडमनी प्रश्न विचारला. चांगुणाबाई नावाच्या शेतकरीण आहेत असं धरा. दोन वर्षांपूर्वी जुलैत त्यांची लागण झाली, गेल्या डिसेंबरात तोड झाली, आता रानात खोडवा उभा आहे. तर कागदावरून सांगा, त्यांचा नंबर कोणत्या तारखेने लागणार?

लागण म्हणजे नव्याने लावलेला ऊस आणि खोडवा म्हणजे तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला, एवढं तरी आता ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं होतं.

कल्याणने स्वतःच्याच अक्षराकडे बराच वेळ पाहिलं. "ह्याच्यावरनं मला कायबी सांगता यायचं न्हाई," तो म्हणाला. पार्थ खिडकीबाहेर बघू लागला.

चहा झाला आणि ब कागद आला. एकसष्ट ओळी, दीडपट लांब. कल्याणने पहिली ओळ पाहिली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "हे आमचंच हाय की," तो म्हणाला, आणि लिहू लागला. एका नजरेत दोन ओळी, कधी तीन. गट, उसाची जात, लागणीची तारीख, पावसाळ्यात लावलेला आडसाली असेल तर हे, हिवाळ्यात लावलेला सुरू ऊस असेल तर ते. पेन न अडखळता चाललं होतं. चाळीस ओळींना एकोणीस थांबे. शिफा आपल्या टेबलापाशी पाठमोरी बसली होती, पण पडद्यावर काही हलत नव्हतं. तीही कानांनी ऐकत होती.

तेवढ्यात पार्थचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

आणि तिथेच कल्याणचं पेन थांबलं. एकदा, दोनदा. त्याने लिहिलेलं खोडलं. पुन्हा वर पाहिलं. खोडव्याच्या सहा ओळी होत्या. त्या सहा ओळींत तो अकरा वेळा थांबला. मॅडमचं पेन्सिलीचं टोक कागदावर उतरत होतं आणि प्रत्येक रेघेला त्यांना शिफाची पाठ दिसत होती. पार्थ बाहेर होता. हे अकरा फक्त त्यांनी पाहिले होते. मागच्या वर्षीची सगळी भांडणं खोडव्याचीच होती, हेही त्यांना माहीत होतं. दोन रेघा कमी मारल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं. तीन मारून थांबलं असतं तर कागद जवळपास बिनडागाचा होता.

त्यांनी अकरा रेघा मारल्या, त्यांच्याभोवती एक गोल काढला आणि पुढचे मोजायला लागल्या. पुढे आठच निघाले.

पार्थ आत आला तेव्हा कल्याण पेनाला टोपण लावत होता. "मधलं माझं राहिलं," पार्थ म्हणाला. "आपा, तुमचे किती?"

"अडतीस. पण त्यातले अकरा एकाच जागी आहेत. खोडव्यापाशी."

शिफाने वळून पाहिलं. रविराज पुढे आला आणि तोच प्रश्न कल्याणला पुन्हा विचारला. चांगुणाबाईंचा नंबर कोणत्या तारखेने?

"ह्या कागदावरनं तर लागणीच्या तारखेनं, म्हंजी जुलै," कल्याण म्हणाला. "पन ते चूक हाय. खोडव्याला लागणीची तारीख धरतच न्हाईत. मागची तोड झाली तिथनं मोजायचं."

"प्रोग्राम मागच्या तोडीनेच मोजतो," शिफा पहिल्यांदा बोलली. "मी तपासलंय. उत्तर डिसेंबरच येतं."

"मग कागदावर लागण का लिवलंय?"

शिफाने मागच्या तोडीची तारीख लागणीच्या तारखेच्या जागेतच भरून घेतली होती. नवी जागा कशाला करायची, एवढाच विचार. उत्तर बरोबर येत होतं, पण वाचणाऱ्याला कागद दुसरंच सांगत होता.

रविराजने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "म्हणजे एक कळत नाही आणि दुसरा नको तिथे फसवतो," तो म्हणाला. "दोन्ही नापास. मॅडम, आता मी काय करायचं?"

"मी काय करायचे, आठवतं का तुला?" मॅडम म्हणाल्या. "आकडा घालून मसुदा परत द्यायचे. वकिलाला घरी नाही पाठवायचे."

"मॅडम, उद्या शनिवार आहे."

"उद्या आहे ना? आज अजून दीड वाजलाय."

शिफा उठून कल्याणच्या टेबलाशी खुर्ची घेऊन बसली. "काका, मला एकदा रानातलं सांगा," ती म्हणाली. "मी ऊस फक्त रसाच्या गाड्यावर पाहिलाय."

कल्याणला एवढंच हवं होतं. त्याने उरलेल्या कागदावर सरी काढली, बुडखा काढला, फूट काढली. लागण कधी, तोड कधी, खोडवा कधी मोडायचा, एका बुडख्यावर खोडवे किती घेतात, कोण हावरेपणा करून तिसराही घेतो, त्याच्या चुलतभावाने कसा घेतला आणि कसा पस्तावला, सगळं. अर्धा तास तो बोलला. शिफाने मध्ये फक्त दोन प्रश्न विचारले. मग ती आपल्या जागी गेली. मागची तोड नावाची वेगळी जागा केली. खोडव्याची अट सहा ओळींच्या गुंत्यातून काढून वर, सुरुवातीलाच घेतली. त्यात चार ओळी वाढल्या. आता पासष्ट.

कल्याणने पेन काढलं तसा पार्थने हात वर केला. "एक मिनिट. कल्याणरावांनी हे एकदा लिहिलंय. वर शिफाला शिकवलंयही. त्यांचा हात आता आपांच्या हातासारखा झाला. हे मोजणं धरता येणार नाही."

रविराजने कपाळाला हात लावला. पण मॅडमनी पार्थकडे कौतुकाने पाहिलं. पोरगा रीत शिकला होता.

"खाली जीपमध्ये कानिफनाथ हाय," कल्याण म्हणाला. "डायव्हर. बारावी झालाय, घरचा ऊस हाय. पन तो झोपला आसंल."

कानिफनाथला उठवून आणलं. आपल्याला वर का बोलावलंय याचा त्याला अंदाज नव्हता. जीपला कुठे घासलंय का, अशी त्याच्या चेहऱ्यावर धास्ती होती. लिहायचंय म्हटल्यावर ती आणखी वाढली. अक्षर गबाळं, पेन मुठीत धरलेलं. पहिल्या पानाला पस्तीस मिनिटं लागली. दोन्ही मोजणारे या वेळी समोरच बसले, आणि पार्थने मोबाईल बंद करून ठेवला. पूर्ण कागदाला चव्वेचाळीस थांबे झाले, बहुतेक इंग्रजी अक्षरं ओळखण्यापायी. खोडव्यापाशी दोन.

"आता सांगा," मॅडम म्हणाल्या आणि चांगुणाबाईंची हकीकत सांगितली.

कानिफनाथने बोट ठेवून वरून चौथी ओळ दाखवली. "मागची तोड. म्हंजी डिसेंबर." मग थोडा विचार करून म्हणाला, "पन ह्या चांगुणाबाई कोन? आमच्या गटात तर न्हाईत."

कल्याण इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. शिफाही हसली, आणि हसता हसता तिने टेबलाची कड घट्ट धरलेली मॅडमना दिसली.

पार्थने आपल्या टेबलावरून आपला अडतीस ओळींचा कागद उचलला आणि घडी घालून खिशात ठेवला. "मी बदलतो नावं," तो म्हणाला. "सगळीकडची. पण शिफा, तुझी वरची अट मी उचलणार. आधीच सांगतो."

"उचल," शिफा म्हणाली. "थांबे मी मोजणार."

रविराज त्याच्या खोलीत गेला. काचेतून दिसत होतं की त्याने कारखान्याच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं, मग ते बाजूला ठेवून दुसरंच काही छापून घेतलं. बाहेर येऊन त्याने एक कागद शिफाच्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिला.

शिफाने वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग कागद मॅडमकडे दिला. "आपा, हे जरा बघा. मला कळत नाहीये."

मॅडमनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपला परिविक्षाधीन कालावधी संपुष्टात येत असल्याने व सदर कालावधीतील आपल्या कामगिरीचा साकल्याने विचार करता, आपली सेवा पुढे चालू न ठेवण्याचे कोणतेही कारण दिसून येत नसल्याने," आणि इथे त्याही थांबल्या.

"म्हणजे ठेवलंय की काढलंय?" शिफाने विचारलं.

"रविराज," मॅडम म्हणाल्या, "हा नमुना कुठून आणलास?"

"नेटवरून," रविराज म्हणाला. तो आता अगदी माडीवरच्या स्टुलावर बसल्यासारखा दिसत होता. "किती झाले, मॅडम?"

"तिसऱ्या ओळीपर्यंतच सात. परत लिही."

त्याने पार्थच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, उभ्या उभ्याच 'शिफा, तुझी नोकरी कायम' अशी एक ओळ लिहिली, सही केली आणि तारीख घातली. शिफाने ती एकदाच वाचली, आणि मग घरी फोन करायला जिन्याकडे धावली.